पित्ताशय काढलं तरी पोट दुखतंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खडे झाले, ऑपरेशन झालं, नातेवाइकांना खडे डबीत घालून दाखवून झाले, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा बरगडीखाली दुखायला लागलं. या टप्प्यावर लोक जे प्रश्न पाठवत राहतात, ते इथे एकत्र केले आहेत. 'पिशवी काढली की असं थोडं दुखायचंच' असं सांगून कुणी वाटेला लावलं असेल, तर त्यावर समाधान मानू नका. दुखणं टिकून असेल तर ते कशामुळे आहे हे शोधता येतं, आणि बरेचदा ते सापडतं. घाई करायची वेळ कोणती ते प्रश्न ३ मध्ये आहे. बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं वाचा.

१. ऑपरेशनला दोनच दिवस झालेत. पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखतोय. खांद्याला काय झालं?

खांद्याला काहीही झालेलं नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. शेवटी तो काढून टाकतात, पण थोडा उरतोच आणि वर सरकून श्वासपटलाखाली (छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली) साचतो. श्वासपटलाची नस मानेच्या मणक्यातून निघते. खांद्याच्या त्वचेची संवेदनाही तिथेच पोचते, त्यामुळे दुखणं खांद्यात जाणवतं. उठून बसलं की वाढतं, आडवं झालं की कमी होतं. दोन-तीन दिवसांत, फार तर आठवड्यात ते जातं. घरातल्या घरात चालत राहा. बाम चोळून फारसा उपयोग होत नाही. धाप लागत असेल, छातीत दाटून येत असेल किंवा घाम फुटत असेल, तर मात्र गॅसवर ढकलू नका.

२. किती दिवसांपर्यंतचं दुखणं 'नॉर्मल' धरायचं?

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं असेल तर पहिला आठवडा खोकताना, शिंकताना, कुशीवर वळताना टाके ओढल्यासारखे दुखतात. ज्या छेदातून पिशवी ओढून काढतात (बहुतेकदा बेंबीजवळचा किंवा छातीच्या हाडाखालचा) तो जास्त दुखतो. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक जण रोजच्या कामाला लागतात. भरलेला सिलिंडर, पाण्याची कळशी, कडेवरचं मूल हे चार ते सहा आठवडे टाळायचं.

घरातली मोठी माणसं त्यांच्या वेळचं सांगतात तेव्हा गोंधळ होतो. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उदवाडिया यांनी १९९० मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. ही पद्धत भारतात आली ती तिथून. त्याआधी बरगडीखाली वीतभर छेद घेत. आजही कधी कधी तो घ्यावा लागतो. त्यात सावरायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि छेदाखालची जागा महिनोन्महिने बधिर राहू शकते.

आकड्यापेक्षा कल बघा. दुखणं कालच्यापेक्षा आज कमी आहे ना? कमी होत आलेलं दुखणं उलटून वाढलं, किंवा तीन महिन्यांनंतरही येतच राहिलं, तर ते जखमेचं नाही असं समजून तपासायला हवं.

३. कोणत्या दुखण्यात अजिबात थांबायचं नाही?

- थंडी वाजून ताप, सोबत पोटात दुखणं.
- डोळे पिवळे, लघवी चहासारखी गडद, शौच पांढुरकं.
- पोटाच्या मध्यभागी जोरात दुखून पाठीत आरपार गेल्यासारखं वाटणं, सोबत उलट्या. हा स्वादुपिंडाचा दाह असू शकतो.
- पोट फुगून टणक होणं, वारा न सरणं.
- काळं डांबरासारखं शौच किंवा रक्ताची उलटी.
- वरच्या पोटात दुखून घाम, धाप, जबडा किंवा डावा हात दुखणं. हृदयविकार असा पोटातून बोलतो, विशेषतः मधुमेहींमध्ये.

पहिल्या दहा-बारा दिवसांत आणखी एक गोष्ट. माणूस जसा सुधारायला हवा तसा सुधारत नाही, भूक नाही, नाडी जलद, पोट फुगलेलं, नुसतं पडून राहतो: हे पित्त गळत असल्याचं चिन्ह असू शकतं. त्याला फार ताप किंवा फार कावीळ असेलच असं नाही. जिथे ऑपरेशन झालं तिथे त्याच दिवशी जा. 'सोमवारी ओपीडीत दाखवू' असा विचार नको. गाडी नसेल तर १०८ आहे.

४. पित्ताशयच नाही, मग पूर्वीसारखीच कळ येते कशी?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. याची उत्तरं ढोबळमानाने तीन.

पहिलं: दुखणं मुळात पित्ताशयाचं नव्हतंच. पोट दुखलं, सोनोग्राफी केली, खडे दिसले, ऑपरेशन झालं. पण खडे पुष्कळ लोकांच्या पोटात असतात आणि त्यातल्या बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. खडे असणं वेगळं आणि खड्यांमुळे दुखणं वेगळं. नेदरलँड्समध्ये खडे आणि पोटदुखी दोन्ही असलेल्या हजाराहून जास्त रुग्णांचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने ऑपरेशनसाठी घेतलं, दुसऱ्या गटात लक्षणं नीट पारखून मगच. दोन्ही गटांत बहुतेकांचं पित्ताशय निघालं. वर्षानंतर पोट अजिबात दुखत नाही असं म्हणणारे एका गटात ६० टक्के होते, दुसऱ्यात ५६. म्हणजे ऑपरेशननंतर दुखणारे तुम्ही एकटे नाही आणि प्रत्येक वेळी सर्जनचा हात चुकलेला असतो असंही नाही.

स्वतःलाच विचारा: ऑपरेशनआधी दुखायचं ते कसं? अर्धा तास ते काही तास टिकणारी, जोराची, बरगडीखाली किंवा वरच्या पोटात येणारी, माणसाला बसवू न देणारी कळ, आणि मधले दिवस अगदी ठीक, असं असेल तर ते खड्याचंच होतं. रोजचं फुगणं, ढेकर, जळजळ, शौचाला जाऊन आलं की बरं वाटणं, असं असेल तर कारण जठरात किंवा आतड्यात होतं आणि ते अजून तिथेच आहे (प्रश्न ७ आणि १२).

दुसरं: पित्ताचाच काहीतरी भाग राहिला आहे. पित्त आतड्यात नेणाऱ्या नळीत खडा, पिशवीच्या देठात (पिशवी त्या नळीला जोडणाऱ्या, मागे उरलेल्या तुकड्यात) खडा, किंवा नळी अरुंद झालेली (प्रश्न ५, १३ आणि १६).

तिसरं: ऑपरेशनमुळे काही नवीन सुरू झालं आहे. पित्तामुळे होणारे जुलाब (प्रश्न ८), छेदाच्या जागी नस अडकणं किंवा हर्निया (प्रश्न १०), टाक्यातला जंतुसंसर्ग (प्रश्न ११).

५. नळीत खडा राहिला असेल तर कसं ओळखायचं? सोनोग्राफी तर नॉर्मल आहे.

नॉर्मल सोनोग्राफीने हा प्रश्न मिटत नाही. मुख्य पित्तनळीचं खालचं टोक आतड्यामागे दडलेलं असतं आणि आतड्यातला वायू सोनोग्राफीला आडवा येतो. म्हणून तिथला खडा अनेकदा दिसत नाही.

एक युक्ती फार उपयोगी पडते आणि ती कुणी सांगत नाही. कळ आल्यावर त्याच दिवशी, निदान दुसऱ्या दिवशी सकाळी, लिव्हरची रक्ततपासणी आणि लायपेज (स्वादुपिंडाची रक्ततपासणी) करून घ्या. खडा नळीत अडकून सुटला असेल तर एसजीपीटी, एसजीओटी हे लिव्हरचे आकडे तेव्हा वाढलेले सापडतात आणि काही दिवसांत उतरतात. पंधरा दिवसांनी, पोट शांत असताना केलेली तपासणी नॉर्मल येते आणि खरी गोष्ट हातातून निसटते. डॉक्टरांकडून तपासणीची चिठ्ठी आधीच लिहून घरात ठेवा.

संशय बळावला तर पुढची तपासणी एमआरसीपी, म्हणजे पित्तनळ्यांचा एमआरआय. त्यात शरीरात काही घालत नाहीत. त्यातही बारीक खडे सुटू शकतात, तेव्हा एंडोस्कोपीतून केलेली सोनोग्राफी जास्त पकडते. ईआरसीपी (तोंडातून दुर्बीण घालून नळीपर्यंत पोचणं) हा खडा काढण्याचा उपाय आहे. निव्वळ बघण्यासाठी तो करू नये, कारण त्यातून स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो. 'आत जाऊन बघूया' असं कुणी म्हटलं तर आधी एमआरसीपी झाली का, हे विचारा.

ऑपरेशननंतर दोन वर्षांच्या आत सापडलेला खडा सहसा तेव्हाच राहून गेलेला मानतात. त्यानंतरचा नळीतच नव्याने तयार झालेला असू शकतो. पिशवी नसली तरी खडे होऊ शकतात, हे पुष्कळांना माहीत नसतं.

६. रिपोर्टमध्ये 'सीबीडी ८ मिमी, डायलेटेड' लिहिलंय. घाबरायचं का?

फक्त त्या आकड्यावरून नाही. मुख्य पित्तनळी साधारण ६ मिमीपर्यंत असते. पिशवी काढल्यावर ती थोडी रुंदावते, वयाबरोबरही रुंदावते, आणि १० मिमीपर्यंत गेलेली नळी कुठलाही अडथळा नसताना दिसू शकते. लिव्हरची तपासणी नॉर्मल आणि कळ नाही, तर बहुतेकदा नुसतं लक्ष ठेवलं तरी चालतं. कावीळ, लिव्हरच्या तपासणीत वाढलेलं अल्कलाइन फॉस्फेटेज किंवा ठराविक कळ सोबत असेल तर एमआरसीपी हवीच.

७. पित्ताची पिशवीच काढली, तरी पित्त होतंच आहे. करपट ढेकर, छातीत जळजळ, सकाळी मळमळ. असं का?

ढेकर-जळजळ आपण ज्याला 'पित्त' म्हणतो, ते जठरातलं आम्ल. पिशवीत साठायचा तो लिव्हरचा पाचकरस. तोही बंद झालेला नाही: लिव्हर दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त करतच असतं, पिशवी त्यातलं जेमतेम ३० ते ५० मिलि आटवून साठवायची. आता ते सारखं आतड्यात झिरपत राहतं. काहींच्या जठरात ते उलटं चढतं आणि जळजळ होते.

उपाय नेहमीचेच, पण मनापासून करायला हवेत. रात्रीचं जेवण आणि झोप यांत तीन तास, उपाशीपोटी चहा बंद, तंबाखू-मिश्री बंद, पोटाचा घेर कमी. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चार ते आठ आठवडे डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्या, वर्षानुवर्षं दुकानातून आणून नाही. त्याने उतरलं नाही तर एंडोस्कोपी करून अल्सर आणि एच. पायलोरी तपासायचं. आपल्याकडे हा जंतू भरपूर आहे आणि त्याचा इलाज होतो.

८. जेवण झालं की मुरडा येऊन पळावंच लागतं. ऑफिसला जाताना सकाळी काही खातच नाही. हे कायमचं आहे का?

बहुतेकांचं काही आठवड्यांत ताळ्यावर येतं. ज्यांचं येत नाही, त्यांच्यात पित्त मोठ्या आतड्यात जास्त प्रमाणात उतरतं आणि तिथे ते जुलाबाच्या औषधासारखं काम करतं. पिवळसर, पातळ, आग करणारं शौच, जेवणानंतर लगेच, आणि शौच झालं की पोट शांत, ही त्याची खूण.

यावर कोलेस्टिरॅमिन नावाची पावडर मिळते. ती पित्ताला धरून ठेवते. बरीच वर्षं त्रास सोसलेल्या माणसाला आठवड्यात फरक पडतो, आणि मग 'हे आधी का नाही दिलं' असं तो विचारतो. चव वाळूसारखी, ताकात किंवा रसात मिसळून घ्यावी. ती इतर औषधांनाही धरून ठेवते, म्हणून थायरॉइडची गोळी, रक्त पातळ करणारी औषधं वगैरे तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तास नंतर. इसबगोलही थोडं काम करतं.

मधुमेह असेल तर आधी गोळ्यांचा डबा उघडून बघा. मेटफॉर्मिननेही असेच जुलाब होतात आणि दोष पित्ताशयावर जातो. वजन उतरत असेल, रात्री झोपेतून उठून जावं लागत असेल किंवा रक्त पडत असेल तर पावडर सुरू करण्याआधी तपासणी.

९. सासूबाई म्हणतात, आता आयुष्यभर तूप-तेल बंद. खरं आहे का?

नाही. पहिले काही आठवडे बेताचं, मग हळूहळू नेहमीचं. तेल-तूप पचवायला पित्त लागतं आणि ते येत असतंच. फक्त एकदम मोठा साठा ओतण्याची सोय गेली. म्हणून पोळीला चमचाभर तूप चालतं, पण लग्नाच्या पंगतीत भजी, बासुंदी आणि तर्री एकाच बैठकीत जड जाते. चार वेळा थोडंथोडं खाणं बरं.

खरा घोळ उपवासाचा असतो. दिवसभर पोटात काही नाही, फक्त चहा, आणि रात्री शेंगदाण्याच्या कुटात न्हालेली साबुदाण्याची खिचडी: हा क्रम बऱ्याच जणांना बाधतो. उपवास करायचाच तर भगर, ताक, राजगिरा, फळं मधल्या वेळांना घ्या.

काही पदार्थ तुम्हालाच सोसत नाहीत असं वाटलं तर दोन आठवडे वही ठेवा. नोंद अशी हवी: 'मंगळवार. रात्री ९ ला वांग्याचं भरीत, भाकरी, कांदा. साडेअकराला उजव्या बरगडीखाली कळ, पाठीत गेली. पाऊण तास. एक उलटी. सकाळी लघवी गडद.' अशा चार ओळींवरून डॉक्टरला जे कळतं ते 'खाल्लं की दुखतं' यावरून कळत नाही.

१०. मला बोटाच्या टोकाने दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतं, चालताना-वाकताना जास्त. सगळ्या तपासण्या नॉर्मल.

मग दुखणं पोटाच्या आत नसून पोटाच्या भिंतीत असण्याची शक्यता मोठी. घरी करून बघा: पाठीवर झोपा, दुखऱ्या जागेवर बोट ठेवून दाबा. आता हात न टेकवता डोकं आणि खांदे थोडे उचला, म्हणजे पोटाचे स्नायू घट्ट होतील. बोट तसंच दाबलेलं ठेवा. दुखणं वाढलं किंवा तेवढंच राहिलं तर ते भिंतीचं. आतलं असतं तर घट्ट स्नायूंनी त्याला झाकलं असतं आणि ते कमी झालं असतं. ही कार्नेट यांची चाचणी १९२६ पासूनची आहे. तिला एक पैसा लागत नाही, म्हणून की काय, ती विसरली जाते.

भिंतीतून येणारी बारीक नस छेदाच्या व्रणात किंवा स्नायूत अडकली की असं होतं. त्या जागी बधिर करणारं औषध टोचलं आणि काही मिनिटांत दुखणं थांबलं, तर निदानही झालं आणि बरेचदा उपचारही. काहींना इंजेक्शन दोन-तीनदा लागतं.

खोकल्यावर बेंबीपाशी फुगवटा येत असेल तर तो हर्निया, त्यासाठी सर्जन. आणि कातडीवर जळजळ होऊन एका बाजूला पट्ट्यात पुरळ उठलं तर नागीण. पुरळ यायच्या आधी दोन-तीन दिवस नुसतं दुखतं, तेव्हा तीही फसवते.

११. टाके छान भरले होते. दोन महिन्यांनी बेंबीच्या छेदाला गाठ आली, आता पाणी येतंय. अँटिबायोटिकने थांबतं, पुन्हा येतं.

इतक्या उशिरा, हळूहळू, वारंवार येणाऱ्या स्रावात क्षयाच्या जातकुळीतले पण क्षय नसलेले जंतू असू शकतात. दुर्बिणीची उपकरणं नीट निर्जंतुक न झाल्यास किंवा नळाच्या पाण्याने धुतली गेल्यास ते शिरतात. नेहमीची पाच दिवसांची अँटिबायोटिक त्यांना पुरत नाहीत. पू किंवा गाठीचा तुकडा मायकोबॅक्टेरियाच्या कल्चरला (हे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला) पाठवा असं स्पष्ट सांगा. औषधं काही महिने चालतात, पण बरं होतं. तपासणी न करता थेट क्षयाच्या गोळ्या सुरू करू नयेत. त्यातल्या काही या जंतूंवर चालतच नाहीत.

१२. सगळं नॉर्मल आलं. डॉक्टर म्हणतात टेन्शन आहे, घरचे म्हणतात नाटक आहे.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. आतड्याच्या नसा हळव्या झाल्या की नेहमीचा वायू, नेहमीची हालचालही कळ म्हणून जाणवते. ऑपरेशन, मोठा ताप किंवा जुलाबाच्या साथीनंतर हे जास्त दिसतं. ताण त्यात तेल ओततो, पण आग त्याची नसते. इरिटेबल बॉवेलचा (अशा हळव्या आतड्याचा) त्रास बऱ्याच जणांना ऑपरेशनआधीपासून असतो. तेव्हा खड्यांच्या गडबडीत तो मागे पडला होता.

यासाठी अगदी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिनसारखी गोळी रात्री देतात. ती नैराश्याच्या औषधांच्या यादीत आहे म्हणून माणसं चिठ्ठी वाचून बंद करतात. इथे ती नसा शांत करण्यासाठी असते, असर यायला तीन-चार आठवडे लागतात आणि सुरुवातीला तोंड कोरडं पडतं. रोज चालणं, वेळेवर झोप, पोटाने सावकाश श्वास घेण्याचा सराव यांनीही फरक पडतो. दर महिन्याला नवी सोनोग्राफी केल्याने पडत नाही.

१३. 'नळीची झडप आवळली आहे, ती कापून घ्या' असं सांगितलंय. घ्यावी का?

पित्तनळी आतड्यात उघडते तिथे स्नायूंचं कडं असतं. रुग्गेरो ओडी या इटालियन विद्यार्थ्याने १८८७ मध्ये त्याचं वर्णन केलं. ते आवळून राहिलं तर पिशवी नसतानाही पित्ताची कळ येऊ शकते.

नळी रुंद आणि कळ आल्यावर लिव्हरचे आकडे वाढलेले, असं दोन्ही असेल तर कापण्याचा फायदा होण्याची शक्यता चांगली. दोन्हीपैकी एकच असेल तर तज्ज्ञाशी सविस्तर बोलून ठरवा. नळीही नॉर्मल, आकडेही नॉर्मल, फक्त दुखतंय, तर नाही म्हणा. अशा २१४ रुग्णांवर अमेरिकेत चाचणी झाली, निष्कर्ष २०१४ मध्ये आले. काहींचं कडं खरोखर कापलं, काहींचं कापल्याचं फक्त नाटक केलं. बरे झाले कापलेल्यांत २३ टक्के आणि न कापलेल्यांत ३७. स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका होता तो वेगळाच.

१४. कळ आली की कोणती गोळी घ्यावी?

पॅरासिटामॉल आधी, दिवसाला ३ ग्रॅमच्या आत. लिव्हरचा आजार किंवा रोजची दारू असेल तर विचारूनच. मुरड्यासारखी कळ असेल तर ड्रोटाव्हेरिन किंवा हायोसिन. डायक्लोफिनॅक कळीवर चांगलं चालतं, पण जठर आणि किडनीला जड, म्हणून रोजची सवय नको. कोडीन असलेली औषधं, खोकल्याची काही सिरप त्यात आली, टाळा. ती प्रश्न १३ मधलं कडं आणखी आवळतात आणि कळ वाढते.

१५. पोटात क्लिपा आहेत. एमआरआय चालेल का? त्या टोचतात का?

नेहमी वापरतात त्या टायटॅनियमच्या क्लिपा चुंबकाला दाद देत नाहीत, एमआरआय चालतो. तंत्रज्ञाला तशी कल्पना द्या. टोचत तर नाहीतच. एक्स-रेत त्या दिसल्यावर 'आत काहीतरी राहिलंय' म्हणून धसका घेतलेले लोक मात्र पुष्कळ भेटतात.

१६. नव्या सोनोग्राफीत 'पित्ताशयात खडा' लिहून आलंय. काढलेलं पित्ताशय परत कसं आलं?

कधी कधी सोनोग्राफी करणाऱ्याला ऑपरेशनचं सांगितलेलंच नसतं आणि आतड्याची घडी पिशवीसारखी दिसते. पण खरंही असू शकतं. पिशवी फार चिकटलेली असेल तर नळीला इजा होऊ नये म्हणून सर्जन तिचा काही भाग मुद्दाम ठेवतात. तो शहाणपणाचा निर्णय असतो, पण रुग्णाला सांगायचा राहून जातो. उरलेल्या भागात किंवा लांब राहिलेल्या देठात पुन्हा खडा झाला तर जुनी कळ जशीच्या तशी परत येते. याचं उत्तर ऑपरेशनच्या टिपणात मिळेल. एमआरसीपीत ते पक्कं होतं, आणि मग उरलेला भाग काढता येतो.

१७. दुसरं मत घ्यायचंय. काय काय घेऊन जाऊ?

डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. त्यात 'लॅप कोली केली' (दुर्बिणीतून पित्ताशय काढलं) एवढीच एक ओळ असते. ऑपरेशनच्या टिपणाची प्रत मागा, तो तुमचा हक्क आहे. ऑपरेशनआधीची सोनोग्राफी, तेव्हाच्या आणि आताच्या लिव्हरच्या तपासण्या तारखेनुसार लावलेल्या, चालू गोळ्यांची पाकिटं, आणि प्रश्न ९ मधली वही.

आणि पिशवीचा बायोप्सी रिपोर्ट. तो ऑपरेशननंतर काही दिवसांनी येतो, तोवर टाके काढून माणूस गावी गेलेला असतो आणि कागद लॅबमध्येच पडून राहतो. क्वचित त्यात कर्करोग निघतो, आणि तेव्हा उशीर परवडत नाही. तुमचा आणला नसेल तर दुखणं असो-नसो, उद्या फोन करा. पिशवी तपासायला पाठवलीच नव्हती असं उत्तर आलं तर तेही नव्या डॉक्टरांना सांगा.